दरीकडे पाठ करून

देवाने जगातलं सगळं कापड आमच्या दाजींनी उलटं करून तपासावं याच एका हेतूने निर्माण केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वडगावचे हातमागवाले. लग्नात अक्षता पडत असताना हा माणूस नवरा-नवरीकडे बघत नाही, शेजारच्या बाईचा पदर उलटा करून बघतो. यावरून शहापुरात एकदा मार खाता खाता वाचले. मी हात जोडून माफी मागत होतो आणि दाजी त्या बाईच्या नवऱ्याला शांतपणे सांगत होते, "फसवलंय तुमास्नी. मशीनची साडी हाय ही." कॅम्पातल्या दातांच्या डॉक्टरनेही यांच्या उघड्या तोंडातून दवाखान्याच्या पडद्याची निंदा ऐकलेली आहे.

आक्का गेल्यावर घरात दाजी आणि माग एवढेच उरले. परगावी जाताना माग रिकामा ठेवायचा नाही, अर्धी साडी मागावर सोडूनच निघायचं, हा त्यांचा नेम. "अर्धं काम वाट बघत असलं की मानूस परत येतंय," म्हणायचे. अमेरिकेला मुलाकडे निघाले तेव्हाही अर्धी हिरवी साडी मागावर होती. मला बरोबर नेलं ते इंग्रजी बोलायला. निदान दाजींना तसं वाटत होतं. भाच्याने मला फोनवर वेगळंच सांगितलं होतं. आप्पांचे गुडघे गेलेत, छाती भरते, तरी ऐकत नाहीत. तुम्ही दोघं इकडे असतानाच माग मोडून त्याखालचा पाय सोडून बसायचा खड्डा बुजवून घेतो, तुम्ही फक्त गप्प राहा, मामा. आणि मी, जन्मभर शाळेच्या कचेरीत गप्प राहूनच पेन्शनपर्यंत पोचलेला माणूस, बरं म्हणालो.

तिथे एक दिवस भाच्याने आम्हाला नवाहो आदिवासींच्या मुलखातली दरी दाखवायला नेलं. दरीच्या काठाकाठाने रस्ता, आणि थोड्या थोड्या अंतरावर गाडी थांबवून खाली बघायच्या जागा. लाल कडे सरळ तुटलेले, तळाशी बोटाएवढी शेतं. भाचा प्रत्येक ठिकाणी बापाला हाताला धरून कठड्याशी न्यायचा. धोतरावर स्वेटर आणि कानटोपी घातलेले दाजी एकदा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "लई खोल हाय." तिसऱ्या जागी म्हणाले, "गोकाकच्या धबधब्याला पाणी तरी पडतंय."

चौथ्या जागी एक नवाहो बाई गाडीच्या बॉनेटवर स्वतः विणलेल्या घोंगड्या मांडून उभी होती. दाजींनी दरीकडे पाठ केली ती केलीच. एक घोंगडी उलटी केली, वीण नखाने चाचपली, मान डोलावली आणि थबकले. आतला एक पांढरा धागा काळा काठ ओलांडून थेट बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता.

"हितं चुकलंय बाईचं. सांग तिला."

भाच्याने ओशाळत सांगितलं. बाई हसली. चूक नाही, म्हणाली, मुद्दाम ठेवलाय. चारी बाजूंनी काठ बंद केला तर विणणारीचं मन आतच अडकून पडतं, त्याला बाहेर यायला ही वाट. आजी ठेवायची म्हणून मीही ठेवते.

दाजी कितीतरी वेळ त्या धाग्यावरून बोट फिरवत राहिले. मग तिला सरळ मराठीतच म्हणाले, "व्हय बाई. माझं बी मन तिकडं अडकलंय. साडी अर्धी सोडून आलोय."

तेवढ्यात भाच्याने मला बाजूला घेऊन मोबाइल दाखवला. वडगावहून फोटो आला होता. खड्डा बुजवलेला, वर पांढऱ्या फरश्या, कोपऱ्यात हिरव्या कापडाचा बोळा. "झालं काम, मामा," तो हळूच म्हणाला. मला स्वतःची किळस आली. तरी मी मान हलवली.

परत आल्यावर दाजी त्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. मुलाला फोन करून सुखरूप पोचलो एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंग्राळीला माझ्या घरी आले. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती. खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी सावकाश चहा संपवला.

"पोरगं माझंच हाय, त्येला काय बोलायचं," ते म्हणाले. "पर तुला आदी कळलं असतं, तर तू मला सांगितलं असतंस. व्हय का न्हाय रं?"

"व्हय दाजी," मी म्हणालो.

आता ते रोज येतात. घरात वेळ जात नाही, आणि सारं मोकळेपणाने बोलावं असं तुझ्याशिवाय कोण उरलंय, म्हणतात. मी चहाचा कप पुढे करतो आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळतो.