छातीचा फोटो

कुमुदिनी सबनीस परदेशीपुऱ्यात आमच्या शेजारी राहायची आणि बायकांची पोलकी शिवायची. तिचे यजमान दिनानाथ मिलच्या टाइम ऑफिसात होते. दिवसभर भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "छाती चौतीस! अहो उषाबाई, श्वास सोडा की, माप काय चोरता?" गल्लीतून जाणाऱ्या पुरुषांनी पावलं उचलावीत इतक्या मोकळेपणाने ती तो शब्द उच्चारी. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो.

मध्यभारत राज्य होतं त्या दिवसांतली गोष्ट. स्वतःचंच पोलकं अंगावर बेतताना तिला डाव्या बाजूला, काखेकडे, सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, पण सरकतही नव्हती. तिने सासूबाईंना, आनंदीबाईंना, सांगितलं. डॉक्टरांकडे आनंदीबाई बरोबर गेल्या आणि बोलल्याही त्याच. "हिच्या छातीत काहीतरी आहे." परपुरुषासमोर याहून स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि सासू बोलत असताना सुनेनं मध्ये पडायचं नव्हतं. मिलवस्तीत छातीत काहीतरी म्हणजे क्षय. डॉक्टरांनी पदरावरूनच पाठीला नळी लावली आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला. कुमुदला वाटलं, एवढं मोठं यंत्र, आतलं सगळं दिसेल.

एक्स-रेवाले भिया, म्हणजे भैया, म्हणाले, "साँस रोको, बाईजी." पुढे निकाल आला, फोटो साफ है. आनंदीबाई खजराण्याच्या गणपतीला नारळ फोडून आल्या आणि गल्लीत पेढे वाटले.

"पण गाठ गेली का?" मी कुमुदला विचारलं.

"गाठ आहे तिथंच आहे, ताई. पण फोटो साफ आला ना."

"दुसऱ्या कुणाला तरी दाखव."

मी कॉन्व्हेंटात शिकलेली; आनंदीबाई आतून मलाच उद्देशून कडाडल्या, "कॉन्व्हेंटात शिकलेल्यांचा आता मशीनवरपण भरवसा नाही की काय?"

दसरा गेला, दिवाळीची शिवणं आली. दिवाळीनंतर एक दिवस कुमुद माझ्याकडे आली, दार लावलं आणि म्हणाली, "ताई, कातड्याला चुणी पडलीय. दोरा आतून ओढला की कापडाला पडते ना, तशी."

तिने ती एक्स-रेची फिल्म आणली होती. खिडकीशी धरून खूप वेळ पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "यात माझी छाती कुठंय? ह्या तर नुसत्या फासळ्या!"

तो फुफ्फुसांचा फोटो होता. गाठीचा फोटो काढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी तिला एका लेडी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार केला आणि स्तनाखाली प्रखर दिवा धरला. कातडीतून लालसर उजेड पसरला आणि त्यात मधोमध एक काळा डाग तसाच राहिला.

"पाण्याची गाठ असती तर उजेड आरपार आला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग ही कसली आहे?"

"ते दिवा सांगत नाही. कापल्यावर कळेल."

"न कापता दाखवणारं काहीच नाही?"

"परदेशात खटपट चालू आहे. आपल्याकडे नाही."

कुमुद भडकली. "हाडांचा फोटो निघतो, काळजाचा निघतो, आणि एवढीशी गाठ कसली ते दिसत नाही? शिवण न उसवता आतलं अस्तर मला बोटाला कळतं हो!"

डॉक्टरीणबाईंनी दिवा मालवला. मग त्यांनी ऑपरेशनसाठी चिठ्ठी लिहून दिली.

ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, तोवर काखेतल्या गाठीही सुजल्या होत्या. त्यानंतर तिला मधून मधून छातीचा एक्स-रे काढावा लागे. रोग फुफ्फुसांत उतरला का, हे पाहायला आता तोच फोटो खरोखर लागत होता.

"फिर आ गईं, बाईजी?" एक्स-रेवाले म्हणाले.

"इस बार सही चीज का फोटो है, भिया."

घरी येऊन तिने हे मला हसत सांगितलं. पोलक्याच्या डाव्या बाजूला तिने कापसाची गादी शिवली होती, इतकी बेमालूम की गिऱ्हाइकांना कळत नसे. पुढचे दोन फोटो साफ आले. तिसरा साफ आला नाही.

कुमुदच्या तेराव्याला बायका आत बसल्या होत्या. आनंदीबाई प्रत्येकीला तेच सांगत होत्या, "पहिला फोटो अगदी साफ होता हो! मग हे आलं कुठून?"

तिसऱ्यांदा ऐकल्यावर मला राहवेना. "आनंदीबाई," मी म्हटलं, "गाठ स्तनात होती. स्तनाचा फोटो कुणी काढलाच नव्हता."

बायकांनी माना खाली घातल्या. आनंदीबाईंनी डोळ्यांना लावलेला पदर काढून दाराकडे पाहिलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "बाहेर पुरुष बसलेत."