हुमाचं अंडं आणि गोजामावशी

गोजामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्यावर ओरडत होती.

साल १९३१. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत चौथीत होते. त्या वर्षी शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सृष्टिज्ञानाच्या तासाला विचारलं, "तुमच्या गावाबाहेरच्या माळावर कोणकोणते पक्षी असतात?" आम्ही धड्यातला पोपट सांगितला, मोर सांगितला. साहेब हसले. आम्हाला शिकवणाऱ्या शिवम्माबाई मात्र हसल्या नाहीत. पुढच्याच रविवारी त्यांनी दोन बैलगाड्या ठरवल्या आणि आम्हा चौदा मुलींना घेऊन तुळजापूरच्या रस्त्याला लागल्या. गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा आम्ही शहराबाहेर पोचलो होतो.

हिप्परग्याचा तलाव मागे टाकून गाड्या माळावर उतरल्या. श्रावण चालू होता. गवत गुडघ्याएवढं, मधून मधून तरवडाची पिवळी फुलं, आणि जिकडे बघावं तिकडे आभाळ. एवढं आभाळ आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. मग आम्ही काय करणार? धावत सुटलो आणि गळा काढून ओरडलो.

टेकाडामागून एक बाई आली. हातात काठी, खांद्यावर काळी घोंगडी, मागे पाऊणशे मेंढरं.

"ए पोरींनो, गप बसा की! बाजार भरलाय व्हय हितं? समदी पाखरं उटवली!"

आम्ही जागच्या जागी थिजलो. शिवम्माबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "मावशी, रागावू नका. पाखरंच बघायला आणलंय यांना."

"अशा रीतीनं?" ती बाई हसायलाच लागली. "बाई, तुमी लई शिकलेल्या, पर ही रीत न्हवं."

ती गोजाबाई. जवळच्याच धनगर वस्तीवरची. आमची ती पाच मिनिटांत गोजामावशी झाली. "हूम बगितलाय का कुणी?" तिनं विचारलं. माळढोकाला तिकडचे धनगर हूम म्हणत, कारण नर घुमायला लागला की तसा आवाज लांबवर ऐकू येतो. आम्ही कुणीच पाहिला नव्हता. मावशीनं वस्तीवरून आणखी तीन घोंगड्या आणल्या आणि आम्हा चौघी-चौघींना डोक्यावरून पांघरून मेंढरांच्या मधे घातलं.

"वाकून चालायचं. बोलायचं न्हाय. हुमाला मेंढरांचं भ्या न्हाय, माणसाचं हाय. आता तुमी मेंढरं."

ओल्या लोकरीचा वास, पायात येणारी लेंडकं, एका मेंढीनं माझ्या परकराचा काठ चावायला घेतलेला. हसू दाबून पोट दुखायला लागलं. तेवढ्यात मावशीनं माझी मान धरून डावीकडे वळवली. वीस-पंचवीस पावलांवर गवतात एक मोठा पक्षी जमिनीवर बसला होता. डोक्यावर काळी टोपी, मान करडी. एक मेंढी चरत चरत त्याच्या अगदी अंगावर गेली, तसा तो उठला, पंख पसरले आणि असा फिस्कारला की मेंढी उलटी फिरली. उठल्यावर दिसलं, खाली उघड्या मातीवर एकच अंडं होतं. ना घरटं, ना काडी.

परत गाड्यांजवळ आल्यावर मी विचारलं, "मावशी, ते अंडं किती दिवसांनी फुटतं?"

"फुटतं की."

"पण किती दिवसांनी?"

"कोंबडीचं येकवीस दिसांत फुटतं. ह्येचं... न्हाय ठावं, बाळ."

मी शिवम्माबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नाही." बाईंना एखादी गोष्ट माहीत नसते, हे मला त्या दिवशी कळलं. मग आम्ही दशम्या खाल्ल्या, मावशीच्या कोकरांना उचलून घेतलं आणि संध्याकाळी घरी आलो. शाळेत निबंध लिहिला. पुढे गणपती आले, परीक्षा आली. माझा प्रश्न मी विसरून गेले.

पुढचं सगळं मला मावशीनंच नंतर सांगितलं.

तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर हरिबा याच्या घरात ती राहायची आणि मेंढरं राखायची. लहानपणापासून तिनं हूम पाहिलेला. सासऱ्यानं एकदा मारून आणला होता तेव्हा तिनं तो रांधलाही होता. पण अंडं किती दिवसांचं, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. "रोज ज्येच्या शेजारनं जातो त्येचं येवडंबी ठावं न्हाय," असं तिच्या मनात सारखं यायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लोकरीच्या एका दोऱ्याला रोज एक गाठ मारायला सुरुवात केली. अकराव्या गाठीला पिल्लू बाहेर आलं आणि दुपारपर्यंत आईच्या मागे चालायलाही लागलं. पण आम्ही पाहायच्या आधी ते अंडं किती दिवसांचं होतं? दोरा हातात धरून ती कपाळावर हात मारून बसली.

पुढच्या पावसाळ्यात तिनं आधीपासून नजर ठेवली. मादी एका जागेभोवती घुटमळते आहे हे बघितलं, अंडं दिसलं त्याच दिवशी गाठ मारली. चौदाव्या गाठीला गेली तर जागा रिकामी. मातीत कोल्ह्याची पावलं. "दोन दिवस गळ्याखाली भाकर उतरली न्हाय," ती म्हणाली. "तसं बगितलं तर कोल्ह्याचंबी पोट हाय. पर माझं गणित मोडलं की."

तिसऱ्या वर्षी घरातच भांडण झालं. सोलापूरकडची शेतं पावसाळ्यात मोकळी असतात, दसऱ्याच्या सुमाराला ज्वारी पेरायची. त्याआधी शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात आणि धनगराला धान्य देतात. हरिबानं चार कोसांवरच्या गावात तसं ठरवलं. मावशी म्हणाली, मी येत न्हाय.

"का?"

"हुमानं काल आंडं घातलंय. सकाळी जागा मोकळी हुती, सांजच्याला आंडं हुतं. माझ्या डोळ्यानं बगितलंय."

"वैनी, पाखराच्या आंड्यापायी घरचा धंदा सोडतीस? लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला एक गोष्ट इचारलीया, हरिबा. उत्तर द्याचं हाय."

"कुणी इचारलीया?"

"शाळंतल्या पोरीनं."

हरिबा रागानं मेंढरं घेऊन गेला. आठ शेळ्या मागे ठेवल्या, तेवढी मात्र त्यानं माया केली. मावशी त्या आठ शेळ्या घेऊन रोज त्याच माळावर. पाऊस आला की घोंगडी डोक्यावर, उघडला की दगडावर बसून राहायची. कोल्हा दिसला की काठी आपटायची. मादीला तिची सवय झाली होती, मान वर करून बघायची आणि परत खाली बसायची.

आम्ही सहावीत होतो. भूगोलाचा तास चालला होता. वर्गाच्या दारात एक बाई उभी राहिली, पाय चिखलानं माखलेले. शिपाई तिला अडवत मागून आला होता.

"ती घाऱ्या डोळ्याची पोरगी कुटं हाय?" तिनं विचारलं.

वर्गात घारी मीच. मी उठून उभी राहिले. मावशीनं कमरेच्या पिशवीतून दोरा काढला आणि माझ्या हातात दिला.

"मोज."

मी मोजलं. सव्वीस गाठी होत्या.

"सव्वीस दिस," मावशी म्हणाली. "कोंबडीपरास पाच जास्त. तू इचारलं हुतंस न्हवं?"

मला काही आठवेना. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी हळूच सांगितलं, "माळढोकाचं अंडं." तेव्हा आठवलं. खोटं बोलायचा धीर झाला नाही.

"मावशी, मी विसरूनच गेले होते."

मला वाटलं, ती चिडेल. ती हसली. "इसरलीस व्हय? अगं, मला तर त्येनं दोन वर्सं सुचू दिलं न्हाय!"

शिवम्माबाईंनी नकाशा गुंडाळून ठेवला आणि मावशीला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. ती आधी बसेना, मग टोकाला टेकली. फळ्यावर बाईंनी लिहिलं: माळढोक, अंडं एक, दिवस सव्वीस. खाली लिहिलं: पाहणारी, गोजाबाई. मावशीला वाचता येत नव्हतं. कुठलं अक्षर आपलं, हे तिनं बोटानं दाखवून विचारून घेतलं. मग मुली विचारायला लागल्या. नर अंड्यावर बसतो का? न्हाय, येकदाबी न्हाय बगितला. पिल्लू काय खातं? नाकतोडे. दिवाळीनंतर हूम कुठं जातो?

"त्ये न्हाय ठावं," मावशी म्हणाली. "बगते."

त्या हिवाळ्यात हरिबाचा राग गेला आणि ती कळपाबरोबर करकंब, अकलूजकडे चरायला गेली. वाटेत भेटेल त्या धनगराला विचारत गेली. कुणी काय सांगितलं, कुणी काय. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. बाईंनी सोलापूरच्या वाचनालयात पुस्तकं चाळली, तिथंही मिळालं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मावशीला शेवटपर्यंत मिळालं नाही. पण दर श्रावणात आमच्या शाळेच्या गाड्या माळावर जायच्या, वस्तीवरच्या बायका घोंगड्या घेऊन तयार असायच्या आणि हरिबा स्वतः गाडीवानाला वाट दाखवायचा.

मी तिला शेवटची भेटले १९३८ साली. मी मास्तरीण व्हायच्या शिक्षणाला लागले होते आणि लहान मुलींना सांभाळायला बाईंबरोबर गेले होते. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; अंड्यावरच्या मादीवर तिच्याऐवजी आता रोज हरिबा नजर ठेवायचा. तरी ती कळपात वाकून चालत होती, एक हात मेंढीच्या पाठीवर आणि एक माझ्या खांद्यावर.

"दिसतीया का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"हो. बसलीय."

"तोंड कुनीकडं करून?"

मी ते पाहिलंच नव्हतं. घोंगडीची कड जरा वर केली आणि परत नीट बघितलं.

"वाऱ्याकडं, मावशी."

"आन काल?" तिनं विचारलं. "काल कुनीकडं हुतं, ह्ये हरिबाला इचारून ये बरं."