एक रिंग द्या, कट करा

आमच्या नांदेडच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कोड निदान डिलीट तरी करता येतो!

आम्ही माणसं तीनच. मालक म्हणजे सर, टूल बांधणारा बालाजीभाऊ आणि ते कसं वापरायचं हे लिहून काढणारी मी. टूल वेबहुक लावायचं. म्हणजे उदगीरच्या बाजारात तुरीचा भाव बदलला की आडत्याच्या कॉम्प्युटरला आपोआप निरोप जायचा. आता ते लावायचं काम माणसाऐवजी एआय एजंट करणार होता, तेही फक्त माझं डॉक्युमेंट वाचून. पुण्याच्या क्लायंट मॅडमनी बजावलं होतं, "एजंटला एकट्याला जमलं तर काम नांदेडला राहील. नाहीतर टीम पुण्याला हलवू."

बालाजीभाऊ बरीच वर्षं पुण्यात काढून नुकताच परतलेला, विष्णुपुरीला घर बांधलेलं. त्याचं तोंडच उतरलं.

*

औशाला घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "ते येबहूक का काय, म्हंजी काय गं?"

मी म्हटलं, "मी बसमध्ये असले की बाबा दर पाच मिनिटांनी फोन करतात, 'कुठं आलीस, कुठं आलीस?' आणि तू म्हणतेस, 'पोचलीस की कळव.' तू म्हणतेस ते वेबहुक."

"म्हंजी तुझ्या बापाला गप बसवायचं मशीन! मग आधी आपल्या घरी लाव की!"

*

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये जागोजागी एकच वाक्य होतं, "अडचण आल्यास बालाजीला विचारा." आमचं ऑफिसच त्यावर चालतं, मग दुसरं काय लिहिणार?

चाचणीत एजंट दोन पानं नीट चालला आणि थांबला. स्क्रीनवर आलं, "बालाजी हे साधन उपलब्ध नाही. कृपया बालाजी जोडावा."

बालाजीभाऊ म्हणाला, "ताई, बायको बी हेच म्हणून राहिली!"

*

मग सरांनी लेखणी हातात घेतली. त्यांनी लिहिलं, "निरोप गेला नाही तर थोडं थांबून पुन्हा पाठवावा." एजंटनं विचारलं, थोडं म्हणजे किती?

सर म्हणाले, "चहा होईपर्यंत, आणखी किती!"

मी गुपचूप तीस सेकंद लिहिलं. सरांनी ते बरोबर पकडलं. "तीस सेकंदांत होतो तो चहा न्हाई, पाणी हाय!"

*

दुसऱ्या चाचणीत एजंटनं जाहीर केलं, सगळं यशस्वी! आम्ही टाळ्या वाजवल्या. मग आडत्याला विचारलं, तर त्याच्याकडे काहीच पोचलं नव्हतं.

शोधता शोधता एक ओळ सापडली, "समोरून उत्तर आले नाही तर निरोप पोचला असे समजावे."

"हे कुणी लिहिलं?"

"मी," बालाजीभाऊ म्हणाला. "बरोबरच हाय की! आमची माय उदगीरला पोचली की एक रिंग देती अन् कट करती. मी उचलीत न्हाई. रिंग वाजतच राहिली, उचलायची पाळी आली म्हंजी कायतरी घोळ हाय!"

आता फोन फुकट झाले, तरी मायलेकरांची सवय गेली नाही. मला मात्र खरंच राग आला. "भाऊ, मशीनला उत्तर आलं नाही म्हणजे पोचलं नाही! तुमच्या मायच्या रिंगपायी आपण पुण्याला जाऊ!" मी ती ओळ काढली आणि लिहिलं, पोच येईपर्यंत काम झालं असं म्हणू नये.

*

शेवटी मॅडमसमोर डेमो. एजंटनं सगळं झटपट लावलं आणि उदगीरच्या आडत्याला निरोप पाठवला. उत्तर नाही. तीस सेकंद थांबला, पुन्हा पाठवला. उत्तर नाही.

स्क्रीनवर आलं, "पोच आलेली नाही. काम झालं असं मी म्हणणार नाही. पुन्हा पाठवत आहे."

सरांना घाम फुटला. संपलं सगळं, असं मला वाटलं. बालाजीभाऊ खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात त्याचा फोन एकदाच वाजला आणि कट झाला.

"लाईट आली!" तो ओरडला. "आडत्याची लाईट गेली व्हती! त्याला सांगून ठेवलंय, लाईट गेली तर आली की रिंग दे."

लगेच स्क्रीनवर आलं, "पोच आली. काम पूर्ण."

मॅडमनी विचारलं, "फोन न उचलताच तुम्हाला कसं कळलं?" बालाजीभाऊनं मायपासून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "एजंटचं ठीक आहे. टीमचं संध्याकाळी फोन करून सांगते."

"मॅडम," बालाजीभाऊ म्हणाला, "पुण्याला न्यायचं असलं तर नीट बोलून सांगा. नांदेडलाच ठेवायचं असलं तर एक रिंग बास हाय."

सरांनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी टेबलावर बालाजीभाऊचा फोन ठेवून आम्ही तिघं बसलो होतो. तो वाजला. मॅडमचं नाव दिसलं.

"अरे, उचल की!" सर ओरडले.

बालाजीभाऊनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. एका रिंगमध्येच फोन गप्प झाला.

"ताई," तो म्हणाला, "चहा सांगा."