मार्कशीटचं लॅमिनेशन

एम.एस्सी. करावं की नाही हा प्रश्न आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणालाच पडला नव्हता, कारण दहावीच्या पलीकडे कोणी गेलंच नव्हतं.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री झाले आणि एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. मुंबईच्या एका कॉलेजात एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव लागलं. आणि मामाने बदलापूरच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये माझ्यासाठी नोकरी ठरवली. दोन्हीकडे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

रविवारी आमच्या अंबरनाथच्या घरात बैठक बसली. पप्पा फॅक्टरीत टर्नर. आईचं शिक्षण चौथी. मामा बदलापूरच्या कात्रपहून खास आला होता. तो एका ऑफिसात कारकून, म्हणजे आमच्याकडचा शिक्षणतज्ज्ञच.

"एम.एस्सी. करून पुढे काय?" मामाने विचारलं.

"पीएच.डी."

"आणि त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे काही नसतं."

"मग काही नसण्यासाठी एवढी वर्षं कशाला? ते इथे बसूनपण होतं."

(खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.) कॉलेजात सरांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, "आवड असेल तर कर." आवड! आमच्याकडे आवड भाजीच्या बाबतीतसुद्धा कोणी विचारत नव्हतं.

शेवटी मी तोडगा काढला. आई एकटी सापडली तेव्हा म्हटलं, "नोकरी करते." पप्पा एकटे सापडले तेव्हा म्हटलं, "शिकते." म्हटलं, शुक्रवारपर्यंत काहीतरी होईलच.

झालंच. आईने मंगळवारी चाळीत नोकरीचे पेढे वाटले. पप्पांनी पेढा खाल्ला, मला वाटलं, ॲडमिशनचा समजून. त्याच आनंदात ते उल्हासनगरला गेले आणि माझं फायनलचं ओरिजिनल मार्कशीट लॅमिनेट करून आणलं.

"सिंधी दुकानवाला बोलला," पप्पा अभिमानाने सांगू लागले, "साईं, दोनों साइड से पैक, बाल्टी में डालो तो भी कुछ नहीं होगा."

पप्पा माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी बादली भरली, मार्कशीट बुडवलं, पाच मिनिटांनी बाहेर काढलं. खरंच काही झालं नाही. मीही कौतुकाने बघत होते. (केमिस्ट्रीची पदवीधर! चिकट प्लास्टिक कागदाला एकदा धरलं की सोडत नाही, हे मला त्या क्षणी आठवू नये?)

शुक्रवारी पप्पा रजा टाकून माझ्याबरोबर मुंबईच्या कॉलेजात आले. आईला काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खिडकीतल्या बाईंनी मार्कशीट उलटं केलं आणि शिक्का मारला. शाई घसरली. पुन्हा मारला. शिक्काच घसरला.

"हे कोणी केलं?"

"मी," पप्पा म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात अभिमान होता.

"आम्हाला ओरिजिनलच्या मागे शिक्का मारावा लागतो. हे चालणार नाही. चारच्या आत दुसरं आणा."

दुसरं कुठून आणणार? पण पप्पा म्हणाले, "थांब, मी काढतो." त्यांनी कोपऱ्यावरून ब्लेड आणलं आणि आवारातल्या बाकावर बसले. लेथवर केसाएवढा फरक पकडणारा माणूस. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी कडेने प्लास्टिक सोडवायला सुरुवात केली. चार पोरं बघायला जमली. प्लास्टिक सुटलं. त्याच्याबरोबर ऑरगॅनिक केमिस्ट्रीपण सुटली. बासष्ट मार्क प्लास्टिकला चिकटून आले आणि कागदावर पांढरा चट्टा राहिला.

पप्पा थांबले. ब्लेड बाकावर ठेवलं. बराच वेळ त्या चट्ट्यावर बोट फिरवत राहिले.

"जाऊ दे वैशू," ते हळूच म्हणाले. "नोकरी आहे ना हातात. मामा बोलत होता तेच खरं असेल."

म्हणजे मी आईला 'नोकरी करते' म्हटलेलं यांना ठाऊक होतं!

"मला नको ती नोकरी," मी म्हटलं, आणि रडू फुटलं. आधी मलाच कळेना, कोण बोललं. पाच दिवस मला जे ठरवता येत नव्हतं ते एका ब्लेडने ठरवलं होतं.

तशीच नाक पुसत मी खिडकीशी गेले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या पप्पांकडे बघितलं, हातातल्या सोललेल्या मार्कशीटकडे बघितलं आणि उसासा टाकला.

"अर्ज लिहून द्या. महिन्याभरात डुप्लिकेट आणून देते म्हणून. कारण लिहा."

"काय कारण लिहू?"

"लिही, बापाला अक्कल नाही," पप्पा मागून म्हणाले.

"असं नका लिहू," बाई म्हणाल्या. "लिहा, 'अनवधानाने खराब झाले.'"

"अनवधान म्हणजे?" पप्पांनी विचारलं.

"तेच, पण अर्जात चालतं."

घरी आलो तर आई दारातच उभी. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "आणि पेढे?"

पप्पा वाकून चपला काढू लागले. आईने थोडा विचार केला.

"सांगते, ते एम.एस्सी.चेच होते. चाळीत कोणाला फरक कळतोय." मग पप्पांकडे वळली. "आणि तुम्ही यापुढे तिच्या एकाही कागदाला हात लावायचा नाही."

मामा दोन महिने आमच्याकडे आला नाही. पप्पा डुप्लिकेटसाठी तीन वेळा रजा टाकून फिरले.

पहिल्या दिवशी वर्गात सरांनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, "एम.एस्सी. का करताय?" कोणी संशोधन म्हणालं, कोणी प्राध्यापक व्हायचंय म्हणालं. एकाचे तर आजोबासुद्धा एम.एस्सी. होते. माझी पाळी आली. एवढं सगळं करून, आख्ख्या घराला कामाला लावून त्या वर्गात पोचलेली मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "सर, विचार चालू आहे."