दीनाबाईंचे शनिवार

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास फोन वाजला. दीनाबाईंच्या खालच्या मजल्यावरची सुनंदा बोलत होती. मूळची शिरोळकडची, आवाज एरवी खणखणीत. त्या दिवशी तो जेमतेम ऐकू येत होता. "बाई, तुमी लगेच या. टीचर दार उघडंनात म्हणून आमच्याकडच्या किल्लीनं उघडलं... गेल्यात वो त्या." झोपेतच गेल्या असाव्यात, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी पुण्याहून त्यांचे पुतणे गाडी घेऊन आले आणि त्यांना घेऊन गेले. दफनाच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. तेवढे कोल्हापुरात कुठून आणणार? इस्राएलमध्ये अशदोदला असलेला त्यांचा एकुलता मुलगा एली येऊ शकला नाही. युद्धामुळे तिकडची विमानं बंद होती. फोनवर तो नुसता "हो काकू, हो काकू" म्हणत राहिला.

शाहूपुरीतल्या एकाच शाळेत आम्ही सव्वीस वर्षं शिकवलं. त्या गणित, मी मराठी. त्या बेने इस्राएल ज्यू, माहेर कोकणातलं, लग्न होऊन इकडे आलेल्या. पालक त्यांना ख्रिश्चन समजत, आणि कालांतराने त्यांनी ते दुरुस्त करणंही सोडून दिलं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मात्र त्या कुणासाठी थांबत नसत. घरी नवरा वाट पाहत असे. त्यांच्या धर्मग्रंथाचे, तोराचे, पन्नासहून थोडे जास्त भाग पाडलेले आहेत. आठवड्याला एक, असं वर्षभर वाचायचं. जगातले सगळे ज्यू त्या आठवड्यात तोच भाग वाचतात. दीनाबाई तो मराठीतून वाचत आणि मालक खुर्चीत बसून ऐकत. शेवटची सात वर्षं ते अर्धांगाने अंथरुणाला खिळून होते, तेव्हाही वाचन चुकलं नाही. त्या सात वर्षांतच एली तिकडे स्थायिक झाला. "आई, तू ये," असं तो म्हणत राहिला, आणि ह्या थांबल्या त्या थांबल्याच.

मालक गेल्यानंतरच्या शनिवारी त्यांचा फोन आला. "पाटीलबाई, वेळ आहे का? ऐकायला समोर कुणी नसलं की माझं वाचन पुढे सरकत नाही हो." मी गेले ते जातच राहिले. खरं सांगायचं तर पहिली एक-दोन वर्षं मी त्यांच्या सोबतीसाठी जात होते. नंतर काचबिंदूने त्यांची नजर गेली, पुस्तक माझ्या हातात आलं आणि त्या ऐकणाऱ्या झाल्या. मी एखादं नाव चुकीचं उच्चारलं की बोट वर व्हायचं, वर्गात व्हायचं तसंच. वाचून झालं की त्या घड्याळाचा अंदाज घेत आणि म्हणत, "आता एलीकडे सकाळ झाली. तोही आज हेच ऐकेल." संध्याकाळी त्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असे... "वाचलंस का रे?"

एका वर्षी महापुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं. बोटीतून बाहेर काढलं तेव्हा दीनाबाईंच्या हातात कपड्यांची पिशवी नव्हती, पुस्तक होतं. आठ दिवस त्या आमच्या राजारामपुरीतल्या घरी राहिल्या. शनिवारी आमचे हे सहज म्हणाले, "टीचर, आज ते नोहाचं, जलप्रलयाचं वाचा की." दीनाबाई हसल्या नाहीत. "नोहा दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतो, भाऊजी. आपल्यावर पाणी आलं म्हणून त्याला आधी बोलवायचं नसतं." आणि ज्याची पाळी होती तेच मी वाचलं.

त्या गेल्या त्याच्या आधीच्या शनिवारी मी गेले नव्हते. हातकणंगल्याला भाचीचा साखरपुडा होता. फोन केला तर म्हणाल्या, "जाऊन या. दोन भाग एकदम वाचायचीही सोय आहे आमच्यात." त्या आठवड्याचा भाग मी नंतर सुनंदाकडून पुस्तक मागून आणून एकटीने काढून पाहिला. आपल्या लोकांना गुलामीतून सोडवून आणणारा मोशे देवाला विनवतो, मला नदीपलीकडे जाऊन तू कबूल केलेला तो देश एकदा पाहू दे. आणि देव त्याला म्हणतो, पुरे, याविषयी पुन्हा बोलू नकोस.

पाच आठवड्यांनी विमानं सुरू झाली आणि एली आला. घर भाड्याचं, रिकामं करून द्यायचं होतं. केस पांढरे झालेला, आईसारखंच कपाळ. शनिवारी मी गेले तेव्हा तो भांडी खोक्यात भरत होता. मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"काकू, तुमच्याकडेच ठेवा. तिकडे माझ्या मुलांना मराठी येत नाही."

"तू वाचशील की."

तो खोक्यावर बसला. "मी नाही वाचत. पंधरा-सोळा वर्षं मी सिनेगॉगची पायरी चढलेलो नाही. शनिवारी कारखान्यात जादा पाळी करायचो. आई विचारायची, वाचलंस का... मी हो म्हणायचो. इतकी वर्षं हो म्हणत आलो, काकू."

मला त्याचा राग आला. मग भिंतीशी टेकवलेल्या दीनाबाईंच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि रागाचं काय करावं कळेना. मी चष्मा लावला, त्या आठवड्याचा भाग काढला आणि वाचायला लागले. पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं, आणि सांगायचं की आमचा पूर्वज भटका होता, मूठभर माणसं घेऊन परमुलखात गेला... एली मान खाली घालून ऐकत होता. मधेच सुनंदा चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. शेवटच्या पानापर्यंत तिघांपैकी कुणी हललं नाही. चहावर साय धरली.

एलीने तोंड पुसलं. "पुढे काय होतं?"

"पुढचं पुढच्या शनिवारी," मी सवयीने म्हणून गेले.

गुरुवारी त्याचं विमान होतं.