दातांमागच्या तारा

त्रेचाळिसाव्या वर्षी मी दातांना तारा लावून घेतल्या, त्याही मागच्या बाजूनं. समोरून कुणाला दिसू नयेत एवढीच माझी अट होती. वाकड्या दातांचं दुःख शाळेपासूनचं. पण या वयात तारा दिसल्या असत्या, तर महाप्याच्या ऑफिसात आणि नावड्याच्या घरी 'म्हातारचळ' हाच शब्द ऐकावा लागला असता. फक्त बायकोला सांगितलं आणि तिलाही गप्प बसवलं.

तारा दिसत नव्हत्या, पण जीभ त्यांच्यावर घासायची. दिवसभर फोनवर बोलून संध्याकाळपर्यंत ती सोलवटून जाई आणि शब्द अडखळत. नेमकी तीच आईला फोन करायची वेळ. आम्ही कामोठ्याला, ती गावात, नावड्याला माझ्या भावाकडे. जेवलास का, ती विचारायची. मी दोन शब्दांत उरकायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला वाटत होतं.

तीन महिन्यांनी एका रविवारी गावी जेवायला गेलो. जिताडा माशाचं कालवण होतं आणि आई वरणभात खात होती. आमच्यात रविवारी आजारी माणूसही वरणभात खात नाही. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, तीन महिने हेच चाललंय, तुमच्यापायी. मी रोज संध्याकाळी पितो अशी आईची खात्री झाली होती. वडील दारूनं गेले. त्यांचीही आधी जीभच जड झाली होती.

मला स्वतःचा संताप आला. ताटावरून उठून मी तिच्यासमोर आ वासला. तिनं मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं, बोटानं तारा चाचपल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या ताटात एक तुकडी वाढली. तिनं ती उचलून परत माझ्या ताटात ठेवली.

"मी देवीला बोललेली हाय. पोराची जीब सरल होत नाय तवर म्हावरं खानार नाय."

मग उद्याच तारा काढतो, मी म्हणालो. ती नको म्हणाली. आता लावल्याच आहेस तर दात नीट करून घे.

डॉक्टरांनी अजून चौदा महिने सांगितलेत. माशाचा काटा तारेत अडकला की तो काही केल्या निघत नाही. म्हणून आता दर रविवारी गावी जेवताना आई शेजारी बसते, तुकडीतले काटे काढून मासा माझ्या ताटात ठेवते, आणि हात धुऊन वरणभात कालवते.