तोफेखालची प्लेट

आमच्या चौकात नगरपालिकेने एक जुनी उखळी तोफ आणून बसवली. सिमेंटच्या ओट्यावर तिरकी नळी, पुढे दोन पाय, वर चकचकीत हिरवा रंग. उद्घाटनाला लढाईतून आलेले गावातले दोन म्हातारे बोलावले होते, तात्या आणि गणूनाना. तात्यांनी नळीवर हात ठेवला. "हीच नळी खांद्यावर घेऊन मी डोंगर चढलो," म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

गणूनाना मात्र ओट्याला फेऱ्या घालत होते. एकदम खेकसले, "हिच्या बुडाची प्लेट कुठाय?"

"तशीच आली, नाना," नगरपालिकेचे साहेब हसले. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय! बार उडाला की सगळा दणका प्लेट सोसती. ती नसंल तर नळी जमिनीत घुसंल. आन् ती प्लेट म्या वाहिलीया, ह्या पाठीवर."

फोटोसाठी हाका सुरू झाल्या. नाना जागचे हलेनात. त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहताना मला माझ्याच टाळ्यांची लाज वाटली. दणका ज्यांनी सोसला, त्यांना वगळून आपण किती ओटे बांधले असतील!

"तात्या, तुम्ही तरी या," साहेब म्हणाले.

तात्यांनी नळीवरचा हात काढला आणि ते नानांशेजारी जाऊन उभे राहिले.

"आधी प्लेट येऊ द्या," ते म्हणाले. "ह्यानं प्लेट टाकल्याशिवाय मी कधी नळी लावली नाही."